लांबेर आडनावाचे दोन क्लोस

या, अशा जवळ या. दारात उभं राहून ऐकायची ही गोष्ट नव्हे. बाकावर सरकून बसा, सोलायचे बटाटे असतील तर मांडीवर घ्या, कान तेवढे इकडे असू द्या. आज एका आडनावाचं आख्यान सांगायचं आहे. आडनावात आख्यान ते काय असणार, असं मनात आलं असेल तर थोडा धीर धरा. भगवंताने आधी माणूस घडवला आणि मग त्याला नावाने हाक मारली, म्हणून नावाला मोल. एकाच नावाची दोन माणसं घडवली तेव्हा त्याच्या मनात काय होतं, ते त्याचं त्याला ठाऊक.

सार नदीच्या अलीकडे, फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवर, लोरेनच्या कडेला होल्डरिंग नावाचं गाव आहे. गाव कसलं, साठ उंबरे आणि प्रत्येक उंबऱ्यापुढे एक उकिरडा. उकिरडा जेवढा उंच तेवढी घरच्या पोरीला स्थळं चांगली, अशी आमच्याकडची रीत. या साठांतली एकेचाळीस घरं लांबेर. उरलेल्या एकोणीस घरांतल्या आज्याही बहुतेक लांबेरांकडूनच आलेल्या.

या आडनावाचा सगळ्यात मोठा भक्त प्रॉस्पेर मास्तर. तो स्वतः लांबेर नव्हता, हे त्याचं दुःख. शाळा शिकवायची, पंचायतीचे कागद लिहायचे आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, अशी तीन कामं त्याच्या गळ्यात होती. पण जीव रमायचा तो बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्यांत. कपडे धुवायच्या हौदावर बायका जमल्या की तो मुद्दाम तिथून जायचा.

"नाव कुठून आलं माहीत आहे का तुम्हाला? जुन्या फ्रँक लोकांच्या बोलीतले दोन शब्द आहेत त्यात. एक भूमी, दुसरा उजळ. भूमी उजळणारा! पुढे मास नदीकाठी याच नावाचा बिशप होऊन गेला. प्रार्थनेला बसलेला असताना मारेकऱ्यांनी मारला त्याला. संत झाला. मग लोकांनी भक्तीनं पोरांना ते नाव दिलं, आणि बापाचं नाव पोरांना आडनाव म्हणून चिकटलं. बाराशे वर्षं झाली बायांनो, बाराशे!"

"बाराशे वर्षं झाली तरी आमच्या लांबेरला गोठा उजळता येत नाही अजून," सुझान म्हणायची, आणि ओल्या चादरीचा फटका दगडावर बसायचा.

"संताचं नाव लावून जिभेला हाड नाही तुझ्या!"

"मी लग्नानं लांबेर, मास्तर. माझी जीभ माहेरची आहे."

हसण्यात सगळ्यात मोठा आवाज आपोलिनचा असायचा. सुझान आणि आपोलिन, या दोघी आपल्या गोष्टीतल्या. घरं समोरासमोर. एकीच्या उकिरड्यावरचा कोंबडा आरवला की दुसरीची चूल पेटायची.

आता आडनावाची एक गंमत. ते फ्रेंचही आहे आणि जर्मनही. अक्षरं तीच, फ्रान्सवाला शेवटचं अक्षर गिळून लांबेर म्हणतो, जर्मन ते दातांवर आपटून लाम्बर्ट म्हणतो. पॅरिसपासून कोलोनपर्यंत कुठेही जा, हे नाव सापडणारच. आमच्या मुलखाचं राज्य म्हातारी माणसं हयात असतानाच चार वेळा बदललं. प्रत्येक वेळी रस्त्यांच्या पाट्या बदलल्या, शाळेतली भाषा बदलली, थडग्यांवरची नावंसुद्धा कुठे कुठे खरवडली. लांबेरला कुणी हात लावला नाही. पहिली लढाई संपली तेव्हा आलेला फ्रेंच साहेब वही चाळून म्हणाला, "वा, अस्सल फ्रेंच आडनाव!" आणि सन चाळीसमध्ये आलेला जर्मन साहेब तीच वही चाळून म्हणाला, "वा, अस्सल जर्मन!" तेव्हा मास्तर घरी येऊन बायकोला म्हणाला, "दोन पाहुण्यांना एकच रस्सा आवडला. दोघंही म्हणतात, आमच्या आईच्या हातचा."

पण एकेचाळीस घरांत एकच आडनाव म्हणजे हाक कशी मारायची? म्हणून आमच्याकडे घराला नाव. विणकरांचे लांबेर, विहिरीचे लांबेर, राखवाले लांबेर. एक घर नव्या घराचे लांबेर. ते घर दोनशे वर्षांचं आहे, पण नाव पडलं ते पडलं. विणकरांकडे तीन पिढ्यांत कुणी माग पाहिला नव्हता, तरी आपोलिन विणकरांचीच. सुझान विहिरीची. ही घरांची नावं तोंडात. कागदावर मात्र नुसतं लांबेर. मास्तरने एकदा जन्माच्या वहीत समासात घराचं नाव लिहून पाहिलं, तर वरून ताकीद आली: नोंदवहीत टोपणनावं लिहू नयेत.

आणि दुसरी रीत अशी की बाप्तिस्म्याला जो धर्मपिता उभा राहतो, त्याचं नाव पोराला द्यायचं. सन चोवीसच्या वसंतात विणकरांकडे मुलगा झाला आणि तीन दिवसांनी विहिरीकडे मुलगा झाला. दोन्ही घरांनी धर्मपिता म्हणून बोलावलं राखवाल्या म्हाताऱ्या निकोलाला. नाही म्हणणं म्हणजे पाप. एकाच रविवारी, एकाच पाण्याने म्हाताऱ्याने दोन्ही पोरं हातांवर धरली. दोन्ही निकोला लांबेर. दोन्हींना घरची हाक क्लोस.

"एका नावाला एवढं काम झेपेल का गं?" सुझानने बाळाचं टोपडं नीट करत विचारलं होतं.

"दोघं मिळून ओढतील," आपोलिन म्हणाली होती. "गाडीला दोन बैल असतातच की."

विहिरीचा क्लोस ठेंगणा, भुवया तांबूस, तोंडभर ठिपके. विणकरांचा उंच, पुढच्या दातांत फट, छातीचा कच्चा. पोरं वाढली ती दोन्ही घरांत मिळून. आपोलिनचा नवरा पोर आठ वर्षांचं असताना खाणीत दगावला. तेव्हापासून तिचा क्लोस रविवारचं जेवण विहिरीकडे घ्यायचा आणि तिथून निघताना आईसाठी आलुबुखारांच्या केकचा तुकडा रुमालात बांधून आणायचा.

सन त्रेचाळीसच्या जानेवारीत जर्मनांनी दोघांना आपल्या फौजेत ओढून नेलं. आमच्या पोरांना विचारलं कुणी? नाही जावं, तर आईबापांना घरादारासकट उचलून पूर्वेकडे पाठवत. दोघं एकाच गाडीने गेले, एकाच पलटणीत पडले, रशियात एकाच महिन्यापासून त्यांची पत्रं यायची बंद झाली. मग लढाई संपली. पंचेचाळीसच्या शरदात रशियातल्या छावण्यांतून माणसं परत येऊ लागली. काठीसारखी, तोंडातले दात गेलेली, पण येऊ लागली. दोन्ही आया स्टेशनवर जायच्या, बरोबर जायच्या, एकाच टोपलीतून भाकरी घेऊन जायच्या आणि बरोबरच परत यायच्या.

सेहेचाळीसच्या मार्चमध्ये पंचायतीत एक कागद आला. मास्तरने तो उभ्याने वाचला आणि खुर्चीत बसला. निकोला लांबेर, गाव होल्डरिंग, जन्म एकोणीसशे चोवीस, कैद्यांच्या छावणीत नोव्हेंबर चव्वेचाळीसमध्ये हगवणीने मृत. बस्स. जन्माचा महिना नाही, तारीख नाही, आईचं नाव नाही.

कुणाच्या दारी न्यायचा हा कागद? मास्तरने फादर थिलना विचारलं. फादर म्हणाले, "मेलेल्यासाठी घंटा वाजवावी लागते. कुणाची वाजवू?" शेवटी मास्तरने दोघींना शाळेत बोलावलं आणि मुलांच्या बाकावर शेजारी बसवून कागद वाचून दाखवला. सुझानने कागद हातात घेऊन उलटून पाहिला. मग सुझानने विचारलं, "दुसरा कागद कुठाय?"

"एकच आहे."

"म्हणजे एकच गेला."

"म्हणजे एकच," मास्तर म्हणाला.

तिथून दोघी निघाल्या त्या पहिल्यांदाच वेगवेगळ्या.

गाव म्हणजे गाव. हौदावर बायकांनी आठवड्याच्या आत निकाल लावून टाकला. विणकरांचा छातीचा कच्चा. हगवणीत टिकणार तो का विहिरीचा? विहिरीचा म्हणजे ओंडका. आपोलिन हौदावर आली की आवाज खाली जायचे आणि कुणीतरी तिची बादली आपणहून भरून द्यायचं. त्या भरलेल्या बादलीची तिला चीड यायची. सुझानने पोराच्या खोलीला चुना दिला. पिसांची रजई रोज सकाळी खिडकीत उन्हाला टाकू लागली, आणि ती खिडकी नेमकी आपोलिनच्या दारासमोर.

एक दिवस आपोलिनला राहवलं नाही. ती रस्ता ओलांडून खिडकीखाली उभी राहिली.

"रोज कुणाला दाखवतेस गं ती रजई?"

"ऊन दाखवते."

"मार्चमध्ये कसलं आलंय ऊन!"

"माझ्या घरावर पडतं," सुझान म्हणाली. "तुझ्याकडे पडत नसेल तर माझा काय दोष?"

बोलून तर गेली. पण म्हटल्याबरोबर तिचं तोंड उतरलेलं आपोलिनने पाहिलं. खिडकी मात्र बंद झाली. वीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं: ईस्टरला विहिरीकडून विणकरांकडे केक आला नाही, आणि विणकरांकडून अंडी गेली नाहीत.

आपोलिन देवभोळी बाई. जपमाळ तिच्या एप्रनच्या खिशात, चिमटा आणि किल्ल्यांबरोबर. फादर थिल संतांची नामावळी गाऊ लागले, की प्रत्येक नावामागे "आमच्यासाठी विनंती कर" असं म्हणताना तिला देवाच्या अंगणात पाय ठेवल्यासारखं वाटे. पण त्या वसंतात एका संध्याकाळी माळ ओढता ओढता तिचा हात थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पापनिवेदनाच्या जाळीशी गुडघ्यांवर बसली.

"फादर, मी रोज मागते, माझा परत येऊ दे."

"त्यात पाप कसलं, मुली?"

"एकच गेलाय ना? माझा यायचा तर मग..." तिला वाक्य पुरं करता येईना. "मी रोज सुझानचा क्लोस मारते, फादर. माळेच्या प्रत्येक मण्याला एकदा. माझ्या घरी जेवलेलं पोर ते. आणि समोरच्या घरात ती माझा मारत असणार."

म्हाताऱ्या फादरने पलीकडून कपाळ जाळीला टेकवलं. नंतर म्हणाला, "मी दोघांना बाप्तिस्मा दिला. वेदीशी उभा राहून त्या नावासाठी प्रार्थना करतो तेव्हा मलाही कळत नाही, जिवंतांच्या रांगेत म्हणू का मेलेल्यांच्या. तू नुसतं नाव घे. दोघांचं मिळून एकच आहे ना? एकदाच घे आणि पुढचं मागू नकोस."

तिने खरंच प्रयत्न केला. नाव एकच घ्यायची. डोळ्यांपुढे मात्र दातांत फट असलेलाच उभा राहायचा. ठिपकेवाल्याला ती हाताने ओढून आणायची, तो क्षणभर थांबायचा आणि जायचा.

जूनमध्ये संत योहानाच्या सणाच्या आधी, भर दुपारी एक माणूस काठी टेकत गावात आला. हौदावर चार बायका होत्या. टोपी काढून त्याने विचारलं, "लांबेरचं घर कोणतं?"

हास्याचा फवारा उडाला. नव्या घराची रोझाली म्हणाली, "पाव्हणं, इथं दगड भिरकावलात तर लांबेरला लागेल, आणि नेम चुकला तर त्याच्या बायकोला. कोणता लांबेर?"

"निकोला. रशियात होता तो. त्याच्या आईला भेटायचंय."

हसणं तिथेच विरलं. रोझालीने समोर पाहिलं. आपोलिन कपडे तसेच पाण्यात सोडून उठली होती. "मीच ती," ती म्हणाली. "चला माझ्याबरोबर." वाटेत सुझानची खिडकी उघडी होती, आपोलिनने त्या बाजूला पाहिलं नाही, पाहुण्यालाही पाहू दिलं नाही.

त्याचं नाव ओगुस्त किर्श, बीच नावाच्या गावाकडचा सुतार. पायाची बोटं बर्फाने गेलेली, परत आल्यापासून महिनोन्महिने इस्पितळात काढलेले. आपोलिनने चिकोरीची कॉफी ठेवली, पाव कापला. त्याने पाव खाल्ला आणि टेबलावरचे कण तळहातावर गोळा करून तेही तोंडात टाकले. मग त्याने ते कुणासमोर केलं हे ध्यानात येऊन तो ओशाळला.

"खा हो," ती म्हणाली. "आणि सांगा."

"आमच्या झोपडीत सात लांबेर होते, बाई. जमिनीत खणलेली झोपडी, वर बर्फ. एक व्होजच्या डोंगरातला, त्याला जर्मनचं अक्षर येत नव्हतं. एक स्ट्रासबुर्गचा, त्याला फ्रेंच येत नव्हतं. एक तर म्हणायचा, आपले पूर्वज ल्येजचे, त्या संताच्याच गावचे. पावाच्या वेळी 'लांबेर' असा पुकारा झाला की सातही उठायचे. रशियन पहारेकरी हसायचा. म्हणायचा, ही एक माणसाची पलटण आहे. आणि त्यांतले दोघं तुमच्या गावचे. नावानंही एकच."

"दोघं?" तिचा हात कॉफीच्या भांड्यावर तसाच राहिला. "पंचायतीत कागद आलाय. एकाचा. नोव्हेंबरातला."

"नोव्हेंबरात गेला तो ठेंगणा," ओगुस्त म्हणाला. "तांबूस भुवयांचा."

आणि आपोलिनच्या तोंडून, तिला कळायच्या आत, निघून गेलं: "देवा, तुझे उपकार!"

ती रडू लागली, हसू लागली, उठून कपाटातली आलुबुखाराची दारू काढू लागली. पेला भरून पुढे ठेवला. ओगुस्त पेल्याकडे बघत बसला. त्याने तो उचलला नाही. तेव्हा ती हळूहळू खाली बसली.

"कधी?" तिने विचारलं.

"जानेवारीत. तीन राजांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी. छातीनं गेला."

खिडकीत एक माशी काचेवर आपटत होती. ओगुस्त खाली मान घालून बोलत राहिला. थांबला असता तर पुन्हा सुरू करता आलं नसतं त्याला.

"मी यायला हवं होतं आधीच. मेलेल्यांची यादी आम्ही छावणीतून लपवून बाहेर आणली होती. तिच्यात दोघंही होते, एकाखाली एक. पुढं कचेरीत कुणीतरी स्वच्छ नक्कल केली. तेच नाव, तेच गाव, तेच साल. त्याला वाटलं, ओळ दोनदा पडलीय. एक गाळली." होल्डरिंगच्या शेंबड्या पोरानेही ती ओळ गाळली नसती. "आणखी एक सांगायचंय. तुम्हाला ते वाईट वाटेल की काय, माहीत नाही. ठेंगणा गेला ना, तेव्हा तुमच्या मुलानं लगेच कुणाला कळू दिलं नाही. त्याला भिंतीकडं तोंड करून निजवलं, अंगावर कोट घातला. पुकारा झाला की एकदा स्वतःचा 'हजर' म्हणायचा आणि जरा मागं सरकून, आवाज बदलून त्याचाही. अकरा दिवस. अकरा दिवस मेलेल्याचा पाव घेतला त्यानं."

"खाल्ला?"

"कडेचा तुकडा. बाकी तापातल्या दोघांना. त्यातला एक मी."

आपोलिनने डोळे मिटले. मग त्याला म्हणाली, "दारू प्या. तुमच्यासाठीच काढली म्हणायची."

ओगुस्तला तिथेच बसवून ती उठली. एप्रन काढला, परत बांधला. रस्ता पंधरा पावलांचा. त्या पंधरा पावलांत तिच्या मनात काय काय आलं: की पाहुण्यालाच पाठवावं, की आजचा दिवस तिला राहू द्यावा, की पावाचं सांगूच नये. मेलेल्याच्या तोंडचा घास म्हणेल ती. म्हणेल, माझं पोर भिंतीकडे तोंड करून पडलं आणि तुझं त्याच्या नावाने जेवलं.

सुझान रजई आत ओढत होती. आपोलिनला दारात पाहून तिचा चेहरा आवळला.

"कोण आलं होतं तुझ्याकडं? गाव सांगून गेलं मला, मला बोलवायला वाट वाकडी होती का तुझी?"

"चुकले," आपोलिन म्हणाली. "खाली बस, सुझान."

"मी उभीच बरी. बोल. तुला आनंद झालाय का? खरं सांग, तोंडाकडं बघून सांग."

"झाला होता. कॉफी गार व्हायच्या आत गेला."

सुझान बसली. रजई तिच्या मांडीवर होती. आपोलिनने सगळं सांगितलं, कागद कुणाचा आहे ते, आणि दुसरी ओळ कुणाची होती ते, आणि अकरा दिवसांचं. पावाचं सांगताना तिचा आवाज इतका खाली गेला की सुझानला पुढे वाकावं लागलं. सांगून झाल्यावर आपोलिन मान खाली घालून वाट पाहत राहिली.

"कडेचा तुकडाच?" सुझान म्हणाली.

"हं."

"मूर्ख पोर! सगळा का नाही खाल्ला त्यानं?" आणि तिचा बांध फुटला. "माझ्याकडं रविवारी तीन तीन ताटं रस्सा ओरपायचा मेला, आणि तिथं लाजला! माझ्या पोराचा पाव होता तो, त्याचाच नव्हता का? खायचा होता की गं त्यानं... जगला असता की गं एक तरी..."

दोघी त्या रजईवर डोकी टेकून रडल्या. समोरच्या घरात ओगुस्त किर्श एकटाच बसून होता. संध्याकाळी सुझानच्या नवऱ्याने जाऊन त्याला जेवायला आणलं.

मास्तरने शहरातल्या कचेरीला तीन पत्रं लिहिली. तिन्हींना एकच उत्तर: या नावाच्या व्यक्तीची नोंद झालेली आहे, पुन्हा लिहू नये. सुझान मार्चमध्ये आलेला तो मृत्यूचा कागद घेऊन आपोलिनकडे गेली. म्हणाली, "तू ठेव. मला दोन मुली आहेत, तुला कुणी नाही." आपोलिनने तो हातात घेतला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि परत दिला. "तुझ्या क्लोसचा आहे. त्याचं त्याला असू दे."

फादर थिलनी घंटा वाजवली आणि मेलेल्यांची प्रार्थना गायली. मास्तर ऑर्गनवर. नाव घ्यायची जागा आली तेव्हा फादरनी निकोला लांबेर म्हटलं, सूर संपू दिला, श्वास घेतला आणि पुन्हा निकोला लांबेर म्हटलं. बाहेरगावहून आलेल्यांना वाटलं, म्हातारा चुकला. होल्डरिंगमध्ये कुणी मान वर केली नाही.

आख्यान इथे संपलं. एक मागणं आहे, तेवढं ऐकून मग उठा. विहिरीच्या क्लोसला निदान एक कागद आहे. विणकरांचा क्लोस कुठल्याच वहीत मेलेला नाही. आई होती तोवर तिच्याजवळ होता, आता तीही नाही. लांबेर पुष्कळ आहेत. दुकानाच्या पाटीवर, टपालाच्या पेटीवर, दोन्ही देशांत, तुम्हाला कुठे ना कुठे ते नाव दिसेलच. दिसलं की पळभर थांबा आणि त्याची आठवण काढा.